सहलीत दुखणे आले तर...

सहलीला निघालेला माणूस आजारी पडला की त्याला एकाच वेळी दोन दुखणी जडतात. एक शरीराचे आणि दुसरे, 'पैसे गेले, रजा वाया गेली' हे मनाचे. माझ्या मते यातले दुसरे अधिक घातक, कारण तेच रोग्याला अंथरुणातून अकाली उठवते.

एका पावसाळ्यात आम्ही चौघे जव्हारला गेलो होतो. जयविलास राजवाडा, दाभोसा धबधबा आणि नंतर मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळ असा बेत होता. पहिल्याच रात्री मला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी दोन दिवस विश्रांती सांगितली. एक जण माझ्यापाशी थांबला, बाकीचे दाभोशाला गेले.

पडल्या पडल्या कौलांवरचा पाऊस ऐकला. सरीचा आवाज वेगळा, झिमझिमीचा वेगळा. समोरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेले वारली चित्र होते. मध्ये तारपा वाजवणारा, भोवती नाचणाऱ्यांचे वेटोळे. एरवी त्यापुढे मी अर्धा मिनिटही थांबलो नसतो. त्या दिवशी नाचणारे मोजले आणि दर वेळी आकडा चुकला. दुसऱ्या दिवशी घरच्या मावशींनी दिलेली मीठ घातलेली तांदळाची पेज पोटात टिकली, त्याचा आनंद काय सांगावा!

अशा आनंदाने जुलाब थांबत नाहीत, हे खरे. पण त्याने विश्रांती सुसह्य होते आणि पथ्य मोडले जात नाही. मुख्य उपचार पाणीच. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या, उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळावे. पाकीट नसल्यास १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. घोट घोट घ्यावे आणि २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला, सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या अशाच पाण्याने असंख्य प्राण वाचवले.

मात्र शौचातून रक्त पडणे, जोराचा ताप, लघवी कमी होणे, पाणीही न टिकणे किंवा गुंगी येणे, यांपैकी काही दिसले तर ताबडतोब डॉक्टर गाठावा. लहान मुले, वृद्ध व गरोदर स्त्रिया यांच्या बाबतीत वाटच पाहू नये. स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नये.

आणखी एक. जव्हार-मोखाड्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला जातात. तिथे आजारी पडले तर दिवसाची मजुरी बुडते. पडून राहणे त्यांना परवडत नाही. आपल्याला ते परवडते. मग मिळालेल्या विश्रांतीला आपण शिक्षा का म्हणावे?

वाचकहो, दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते. मुंगीच्या चालीने चालताना वाटेत जे दिसते तेही पाहण्यासारखे असते. धबधबा पुढच्या वर्षीही पडणारच आहे. तो पाहायला प्रकृती मात्र धड हवी.