जुनी पिकअप घेताना आधी तळ पाहा, मग रंग



मराठवाड्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी लग्नाच्या वरातीसाठी घोड्या देण्याचा पिढीजात व्यवसाय आहे. दोन घोड्या आहेत. आजवर प्रत्येक सुपारीला भाड्याचा टेम्पो करावा लागे आणि कमाईचा मोठा भाग त्यातच जाई. व्याजाचे कर्ज काढायचे नाही, असे घरात पक्के ठरलेले आहे. म्हणून भिशीचे पैसे आणि थोडे दागिने मोडून थोरला मुलगा जुनी पिकअप घेऊ पाहतो आहे. गाडी नुकतीच रंगवलेली आहे, दिसायला छान आहे. घेऊ द्यावी का, असे त्या विचारतात.

व्याजापासून दूर राहण्याची ही नियत अल्लाह कबूल करो. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कर्जावर गाडी घेतली की बँकेचा माणूस कागद तपासतो, गाडीची किंमत ठरवून घेतो. रोखीने घेणाऱ्याच्या मागे असा कोणी नसतो. ते तपासणीचे काम आपले आपणच करायचे आहे. त्यातही ही गाडी सिमेंटची पोती वाहणार नाही, मुका जीव वाहणार आहे.

हौद्याचा तळ

घोड्यासाठी गाडी घेताना सर्वांत आधी हौद्याचा तळ पाहावा. एका घोडीचे वजन तीन-साडेतीनशे किलोच्या घरात असते आणि ते सगळे नाल मारलेल्या चार खुरांवर येते. पोत्याचा भार पसरतो, खुराचा भार एका ठिकाणी टोचतो. वर घोडी एका जागी स्थिर राहत नाही. ब्रेक लागला की पाय रोवते. गंजलेला पत्रा अशा वेळी फाटला आणि पाय खाली गेला, तर जनावर कायमचे जायबंदी होते.

म्हणून तळावर रबर, प्लायवूड किंवा ताडपत्री असेल तर ती उचलायला सांगा. विकणारा नको म्हणाला, तर तिथेच समजून घ्या. कोपरे आणि सांधे पेचकसाने टोचून पाहा. पेचकस आत शिरला किंवा पापुद्रे निघाले, तर पत्रा संपला आहे. मग गाडीखाली जाऊन बॅटरीच्या उजेडात चेसिस आणि हौद्याचे आडवे बार पाहा. मासळी, मीठ किंवा रासायनिक खत वाहिलेली गाडी खालून लवकर गंजते. जनावरांची लघवीही सांध्यांत मुरून तेच करते. चेसिसवर नवे वेल्डिंग किंवा फक्त एकाच भागात ताजा काळा रंग दिसला, तर कारण विचारा.

जागा, फाळका, चाके

मोटार वाहन नियमांतील १२५-ई हा नियम जनावरे नेणाऱ्या गाड्यांसाठी आहे. प्रत्येक जनावरासाठी वेगळा कप्पा आणि घोड्यासाठी किमान २.२५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २४ चौरस फूट जागा त्यात सांगितली आहे. टेप लावून मोजा. नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौद्यात दोन घोड्या जेमतेम बसतात. आठ फुटी हौद्यात एकच न्यावी. हौद्याची उंची वाढवून घेतलेली असेल, तर तो बदल आरसी बुकात नोंदलेला आहे का ते पाहा.

१९७८ च्या जनावर वाहतूक नियमांतही घोड्यांसाठी स्वतंत्र भाग आहे. साध्या मालगाडीत तळावर न घसरणारे आच्छादन हवे, दोन जनावरांमध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू हवा, मागच्या बाजूला भक्कम आडव्या पट्ट्या हव्यात, घोड्यांची तोंडे रहदारीपासून दूर, डावीकडे हवीत आणि गाडीचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या वर नको. बांबू आणि पट्ट्या बसवायला हौद्याला मजबूत कड्या, खोबणी आहेत का हे घेण्याआधीच पाहावे.

फाळका दोन-चार वेळा उघडून लावा. बिजागरी ढिली असेल किंवा खटका आपोआप सुटत असेल, तर तो खर्च किमतीतून वजा करा. आतून हात फिरवा. पत्र्याची धार, निघालेला खिळा, तुटलेली साखळी घोडीच्या अंगात घुसू शकते.

टायरची फक्त नक्षी पाहू नका. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी चांगली असूनही रबराला बारीक भेगा असतील, तर टायर जुना झाला. मागचे पाटे तुटलेले किंवा एका बाजूला बसलेले नाहीत ना, हे सपाट जमिनीवर गाडी उभी करून पाहा. आणि चाचणी रिकाम्या गाडीवर घेऊ नका. पाच-सहाशे किलो वजन भरून चढावर आणि उतारावर चालवा, ब्रेक दाबून पाहा. आपल्या ओळखीचा मिस्त्री सोबत न्या, विकणाऱ्याचा नको.

कागद

आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून जुळवा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते पाहा. कर्ज फिटले असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. तो नसेल तर विकणाऱ्याचे कर्ज तुमच्या गाडीवर राहते. फिटनेस, विमा, पीयूसी, रोड टॅक्स आणि थकलेली ई-चलने परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर पाहता येतात. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस करावे लागते. तो खर्च हिशेबात धरा.

नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल, तर फॉर्म २८ चे ना-हरकत प्रमाणपत्रही लागते. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नोंदणी बदलण्यासाठी आणि १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा. 'नंतर करू' म्हणून सोडू नये.

व्यवहाराची अमानत

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि खरेदी-विक्रीला साक्षीदार ठेवण्याचा आदेश आहे. म्हणून इसार देताना साध्या कागदावर का होईना, किंमत, तारीख, सांगितलेले दोष आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. विकणारा नात्यातला किंवा मोहल्ल्यातला असेल तर जास्तच. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे, नाते टिकवण्याचा तो मार्ग आहे.

विकणाऱ्याचीही जबाबदारी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे दुकानदार म्हणाला. मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आमच्यातला नाही, असे बजावले. गंजावर रंग मारून गाडी विकणे म्हणजे हाच ओला ढीग झाकणे. लपवलेला जुना दोष पुढे सापडला, तर माल परत करण्याचा हक्क फिकहमध्ये घेणाऱ्याला दिलेला आहे. त्याला खियारे ऐब म्हणतात. आपली गाडी विकाल तेव्हा दोष स्वतःहून सांगा आणि कागद लगेच बदलून द्या. नोंदणीत नाव ज्याचे, अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

तर भगिनी, मुलाला अडवू नका, पण थांबवा. विकणाऱ्याला सांगा, मिस्त्री तळ पाहील, आम्ही कागद पाहू, मगच इसार देऊ. तो तयार असेल तर बोलणी पुढे न्या. घाई करत असेल, 'आज नाही तर गाडी जाईल' म्हणत असेल, तर जाऊ द्या. लग्नसराईचे चार महिने आणखी भाड्याने काढता येतील. मोडलेला दागिना पुन्हा लवकर होत नाही, आणि घोडीचा मोडलेला पाय तर होतच नाही.