परात माळ्यावरून खाली काढा

पोस्ट लांब आहे आणि थोडी कडूही आहे. संक्रांतीच्या तोंडावर गोड बोलायचं असतं हे मला ठाऊक आहे, पण ते तिळगूळ हातात पडल्यावर. अजून दहाएक दिवस आहेत, तेवढ्यात भांडून घेतो.

गेल्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर एका सभासदांनी जुन्या काटेरी हलव्याबद्दल लिहिलं होतं. छान लिहिलं होतं. खाली कॉमेंटांचा पाऊस. मी सगळ्या वाचल्या, निवृत्त माणसाला वेळ असतो. लिहिणारे बहुतेक पुरुष, माझ्यासारखे साठी-सत्तरी ओलांडलेले. सूर सगळ्यांचा एकच. आईच्या हातचा हलवा, गेले ते दिवस, आताच्या सुनांना वेळ कुठे, आता सगळं ऑनलाइन. इंदूरहून तेच, बेळगावहून तेच, आणि आमच्या बडोद्याच्या मंडळींनी तर सर्वांत जास्त उसासे टाकलेले. "यंदा मी करून पाहिला" असं एकानेही लिहिलं नव्हतं.

माझं भांडण त्या उसाशांशी आहे. हलवा अवघड नाही. वेळखाऊ आहे. आणि घरात वेळ कोणाकडे आहे हो? माझी सून सकाळी साडेआठला घर सोडते ती संध्याकाळी साडेसातला परत येते. मी दीडला जेवतो आणि साडेतीनपर्यंत झोपतो. मग "सुनांना वेळ नाही" हे वाक्य लिहिताना आपला हात अडखळायला नको?

आता माझं पाप आधी सांगतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की हा शिकवायला आला.

दोन वर्षांपूर्वी नातवाचं बोरन्हाण होतं, तेव्हा तो अकरा महिन्यांचा. काळं झबलं आणलं, बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, बत्तासे सगळं जमवलं. हलव्याचे दागिने मात्र मीच मोबाइलवरून मागवले. मुकुट, बासरी, हार, बाजूबंद, कडी असा पूर्ण सेट, ८५० रुपये, दारात पोच. दिसायला झकास. मुलाने फोटो काढले, बायकांनी औक्षण केलं, नातू खुशीत. आणि त्या वयाची मुलं जे करतात ते त्याने केलं, हार ओढून तोंडात घातला. सुनेच्या लक्षात आलं म्हणून बरं. तिने बोट घालून दोन दाणे बाहेर काढले. ते हलव्याचे नव्हतेच. पांढरे प्लास्टिकचे मणी, पुठ्ठ्यावर गरम गोंदाने चिकटवलेले. मधे मधे खरा हलवा होता, पण तोही त्याच गोंदात रुतलेला. जो दागिना मूल चाटणार हे सगळ्यांना माहीत आहे, ज्याचा सगळा गंमतीचा भागच तो की अंगावरून काढला आणि मुलांनी फस्त केला, त्यात प्लास्टिक! ऑनलाइनच्या पानावर नीट बघितलं असतं तर कदाचित तसं लिहिलेलंही सापडलं असतं. मी फक्त फोटो पाहिला होता.

पुढचं ऐका. त्याच आठवड्यात मी याच ग्रुपवर पोस्ट टाकली होती, "माझ्या आईचा हलवा". दांडिया बाजारातलं आमचं भाड्याचं घर, पहाटे अंधारात पेटलेली शेगडी, परातीत फिरणाऱ्या हाताचा सर्र सर्र आवाज, आणि पांघरुणातून तो ऐकणारे आम्ही भावंडं. तीनशेच्या वर लाइक मिळाले. मी सौ.ला मोठ्याने वाचून दाखवली. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "अहो, आईंच्या बोटांची सालं निघायची संक्रांतीपर्यंत, ते नाही लिहिलंत?"

नव्हतं लिहिलं. खरं म्हणजे पाहिलंच नव्हतं. पाकाने आणि परातीच्या चटक्याने पेरं सोलवटून निघत, आणि त्याच हातांनी ती माउली भांडी घासत होती, वाण वाटत होती. मी आवाज ऐकला, चव घेतली, हात पाहिले नाहीत. सौ. पुढे म्हणाली, "एवढी आठवण येते तर करा की तुम्ही. परात माळ्यावर आहे. माझ्या मनगटाने आता होणार नाही."

मी ती परात गेल्या वर्षी खाली काढली. वयाच्या ७३व्या वर्षी. एम. एस. युनिव्हर्सिटीचा बी.कॉम., बँकेत पस्तीस वर्षं, आणि पाक एकतारी म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं.

कृती लिहितो, कारण कोणीही "फार अवघड असतं बुवा" म्हणून सुटू नये. पन्नास ग्रॅम पॉलिशचे पांढरे तीळ, अर्धा किलो साखर. साखर बुडेल इतकं पाणी, उकळी आली की दोन चमचे निरसं दूध, म्हणजे मळी वर येते ती काढून टाकायची. अर्धं लिंबू. पाक एकतारी झाला की उतरवायचा. परात पितळी, कल्हई केलेली, किंवा जाड स्टीलची. गॅस अगदी बारीक आणि वर तवा, तव्यावर परात. तीळ आधी कोमट करून घ्यायचे. मग अर्धा चमचा पाक, जास्त नाही, आणि बोटांनी गोल गोल फिरवत राहायचं. दाणा न् दाणा सुटा झाला, कोरडा झाला, की पुढचा अर्धा चमचा. असं तासभर. मग पातळ फडकं टाकून ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिल्या दिवशी काही दिसत नाही, तीळ नुसते पांढुरके होतात. काटा येतो तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तिळाच्या जागी खसखस, बडीशेप, धणे, लवंगा, साबुदाणा, खरबुजाच्या बियाही चालतात. लवंगेचा हलवा हारात मधे मधे फार शोभतो.

पहिल्या दिवशी मी घाई केली, एकदम दोन पळ्या पाक ओतला. तिळाचा गोळा झाला. सौ. म्हणाली, "चिक्की छान झाली." दुसऱ्या वेळी आच जास्त, साखर दाण्यावर बसण्याऐवजी परातीत नुसता भुगा. तिसऱ्यांदा ती स्वतः खुर्ची घेऊन बसली आणि तोंडी हुकूम सोडत राहिली. हे काम पहाटेच का, तेही तेव्हा कळलं. आमच्याकडची थंडी काही ग्वाल्हेरची नव्हे, पण उत्तरायणाच्या आधी पहाटे कोरडा वारा सुटतो. त्या हवेत पाक झटकन वाळतो आणि काटा उभा राहतो. मी शेगडी अगाशीवर नेली. (गच्चीला आम्ही बडोद्याचे अगाशीच म्हणतो.) चौथ्या पहाटे उजाडताना परातीत पाहिलं तर दाण्यादाण्यावर बारीक टोकं. खोटं कशाला बोलू, बँकेतल्या प्रमोशनला एवढा आनंद झाला नव्हता.

हिशेब मांडायची सवय आहे म्हणून वहीत मांडला. साखर, तीळ, दूध, लिंबू मिळून शंभर रुपयांच्या आत. वेळ, चार पहाटा धरून सहा तास. माझा मोबाइल मला दर रविवारी सांगतो की मी रोज सरासरी तीन तास त्यात घालवतो. म्हणजे दोन दिवसांचा मोबाइल दिला की घरभर पुरेल एवढा हलवा.

दागिन्यांचंही तेच. काळा दोरा दुहेरी घ्यायचा, फास करून एकेक दाणा त्यात अडकवायचा आणि ओढायचा. काटा असतो म्हणून दोरा घसरत नाही. गुळगुळीत दाण्याला गोंद लागतो, काटेरी दाण्याला लागत नाही. मला हे सत्तर वर्षं माहीत नव्हतं, मी काटा नुसता शोभेचा समजत होतो. खळ लावून चिकटवायला जाऊ नका, ओलीने हलवा विरघळतो. माझ्या नऊ वर्षांच्या नातीने एका दुपारी दोन बांगड्या आणि माझ्यासाठी एक घड्याळ केलं. पुठ्ठ्याची चकती, त्यावर काळं कापड, बाराच्या जागी लवंगेचा दाणा. काटे दहा वाजून दहा मिनिटांवर. का म्हणून विचारलं तर म्हणाली, जाहिरातीत असतात.

काही मंडळी म्हणतील, अहो, कितीतरी बायका घरबसल्या हे दागिने करून विकतात, त्यांच्या पोटावर पाय आणता का? मुळीच नाही. दोऱ्याने दाणा दाणा बांधणाऱ्या बाईकडून जरूर घ्या, आणि घासाघीस करू नका. मात्र हे बोलायचा मला किती अधिकार आहे, तेही सांगतो.

१९७९ साल. मी शाखेत कर्जाचं टेबल सांभाळत होतो. आमच्याच भागातल्या एक विधवा बाई अर्ज घेऊन आल्या. त्यांना ५०० रुपये हवे होते. साखर, कोळसा, काळे मणी आणि एक मोठी परात. संक्रांत ते रथसप्तमी दागिने विकायचे आणि नंतर हप्त्याने फेडायचं. गरिबांसाठी ४ टक्के व्याजाची डीआरआय योजना १९७२ पासून सुरू होती, त्यात हा अर्ज बसवता आला असता. मी शेरा मारला, धंदा हंगामी, तारण नाही. नियमाने चूक नव्हती. पण मनात काय होतं ते मला ठाऊक आहे. हलवा करणं हा काय धंदा? आमच्या घरी आई करतेच की, फुकट.

त्याच वर्षी माझं लग्न झालं होतं. जानेवारीत सौ.ची पहिली संक्रांत. हलवा आईचा, पण दागिने गुंफायला तिची नजर पुरत नव्हती म्हणून ते तिने त्याच बाईंकडून करून घेतले. मंगळसूत्र, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ, आणि मला हार नि हलव्याने मढवलेला नारळ. काळ्या चंद्रकळेतला सौ.चा तो फोटो आजही आमच्या दिवाणखान्यात आहे. अर्जाची गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नव्हती. परवा ही पोस्ट लिहायला घेतली तेव्हा सौ.ला सांगितली. ती बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आईंनी पैसे तरी पूर्ण दिले होते ना?" मला आठवत नाही. आता विचारायला आई नाही.

तेव्हा कृपा करून "बायकांनी परंपरा जपली पाहिजे" असल्या कॉमेंट बंद करा. उत्तरायणाला हीच आपली पुरुषमंडळी सकाळी सातपासून अगाशीवर उन्हात उभी असतात, हातात फिरकी, मान वर, बोटं मांज्याने कापलेली, संध्याकाळी टेप बांधून दाखवत फिरतात. तेव्हा खांदा दुखत नाही, वेळही पुरतो. उंधियू, जिलबी, चिक्की खालून वर येत राहते. किन्ना बांधायला आदल्या रात्री बारापर्यंत बसणाऱ्या माणसाला दाण्याला दोरा बांधता येत नाही, हे मी तरी मानणार नाही.

आणि ज्यांना खरंच जमत नाही, हात थरथरतात, नजर नाही, त्यांना हे लागू नाही. त्यांनी शेजारी बसून पाक हलवावा. तेही ज्यांना नको असेल त्यांनी साध्या तिळाच्या वड्या विकत आणाव्यात आणि खुशाल खाव्यात. फक्त मग "आईच्या हातचा" म्हणून उसासा टाकू नये.

बडोदेकरांसाठी सूचना. येत्या रविवारी पहाटे सहा वाजता आमच्या अगाशीवर परात मांडतोय. पुरुषांनी यावं. तीळ आणि साखर माझ्याकडून, परात आपापली आणावी, स्वेटर घालून यावं. पहिला दिवस एकत्र, पुढचे तीन दिवस प्रत्येकाने आपल्या घरी, आपल्या गॅसवर, स्वतः. गृहिणींना आमंत्रण साडेआठचं आहे, चहाला, आणि चहा आम्ही करू. पत्ता ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, बाकीच्यांनी मेसेज करावा. खाली "जुनं ते सोनं" लिहू नका, येणार की नाही एवढंच लिहा. सात परातींची जागा आहे, दोन भरल्या.