गोजिराला हसण्यापूर्वी

जुना विज्ञानपट किंवा राक्षसपट लावायचा तो हसण्यासाठी, हा रिवाज आता चांगलाच रुळला आहे. रबरी कातडे चढवलेला माणूस पुठ्ठ्याची घरे तुडवतो, खेळण्यातले रणगाडे त्याच्यावर तुटून पडतात आणि त्या दहा-वीस सेकंदांच्या फिती मोबाइलवर फिरत राहतात. त्यात वाईट काही नाही. १९५० च्या दशकात असे कितीतरी चित्रपट निघाले, ज्यांना हसण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. पण १९५४ चा जपानी ‘गोजिरा’ही त्याच रांगेत उभा केला जातो, हे मात्र पटत नाही. तो अखंड, मूळ जपानी रूपात आणि गांभीर्याने पाहायला हवा, कारण त्यातला राक्षस कल्पनेतला असला तरी भीती त्याच वर्षीच्या बातमीतली आहे.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. अंदाज सहा मेगाटनांच्या आसपासचा होता. स्फोट झाला १५ मेगाटनांचा. धोक्याच्या जाहीर हद्दीबाहेर मासेमारी करणाऱ्या ‘दायगो फुकुर्यू मारू’ या जपानी नौकेवर पांढरी राख पडली. तिच्यावरचे २३ खलाशी किरणोत्साराने आजारी पडले आणि बिनतारी यंत्र सांभाळणारे आइकिची कुबोयामा सप्टेंबरात वारले. जपानी बाजारांत मासळी तपासून फेकून द्यावी लागली. २ एप्रिलला नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या तूर्त थांबवाव्यात अशी मागणी केली होती, म्हणजे ही धास्ती आपल्याकडेही पोहोचली होती. ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला ३ नोव्हेंबरला. त्याच्या सुरुवातीलाच एका नौकेवर खलाशी निवांत बसलेले असतात, समुद्रात एकाएकी डोळे दिपवणारा प्रकाश उफाळतो आणि नौका पेटते. हे कशाबद्दल चालले आहे, ते तेव्हाच्या जपानी प्रेक्षकाला कुणी सांगावे लागले नसेल.

पुढेही चित्रपट राक्षसापेक्षा माणसांकडेच जास्त पाहतो. लोकलमध्ये एक बाई विषारी ट्यूनाचा विषय काढते आणि नागासाकीतून आपण कशा वाचलो ते बोलून जाते. राक्षस अणुचाचण्यांमुळे जागा झाला हे संसदेत उघड होताच, परराष्ट्र संबंध बिघडतील म्हणून ही गोष्ट दडपावी, असे एक सभासद सुचवतो; त्यावर महिला सभासद सत्य जाहीर करा म्हणून भांडतात. (सरकारी कारभाराचे इतके ओळखीचे चित्र राक्षसपटात सापडेल अशी अपेक्षा नसते.) टोकियो बेचिराख झाल्यावर कॅमेरा इस्पितळात जातो आणि तिथे लहान मुलाच्या अंगाजवळ किरणोत्सार मोजण्याचे यंत्र धरले जाते. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्ध संपल्यावर चीनमधल्या कैदेतून परतताना उद्ध्वस्त हिरोशिमातून गेले होते. ते लक्षात घेतले की ही दृश्ये केवळ कथानकाची भर वाटत नाहीत.

पण तो रबरी पोशाख? हारुओ नाकाजिमा यांनी चढवलेल्या त्या पोशाखाचे वजन सुमारे १०० किलो होते. १९३३ च्या ‘किंग काँग’सारखा पुतळा एकेका चौकटीगणिक हलवत बसायला वेळ नव्हता, म्हणून विशेष दृश्ये सांभाळणाऱ्या एइजी त्सुबुराया यांनी माणूस आत घातला आणि कॅमेरा जास्त वेगाने चालवला. त्यामुळे पडद्यावर चाल मंद आणि जड होते. डरकाळीसाठी संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी सैल केलेल्या कॉन्ट्राबासच्या तारांवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासला. काही गाड्या खेळण्यातल्या आहेत हे लपत नाही, ते मान्य. तरी रात्रीच्या काळोखात, आगीच्या उजेडात हा राक्षस जे वजन घेऊन चालतो, ते संगणकाने घडवलेल्या कितीतरी प्राण्यांना साधलेले नाही.

हसण्याची सवय लागण्यामागे आणखी एक कारण आहे. जगातल्या बहुतेकांनी पाहिली ती १९५६ ची अमेरिकी आवृत्ती. रेमंड बर हा नट वार्ताहर म्हणून मध्ये घातला गेला आणि ९६ मिनिटांचा चित्रपट ८० मिनिटांवर आला. लोकलमधला नागासाकीचा उल्लेख गेला. मूळ चित्रपटात शेवटी ताकाशी शिमुरा यांनी साकारलेले वृद्ध शास्त्रज्ञ म्हणतात की चाचण्या चालूच राहिल्या तर असाच दुसरा प्राणी कुठेतरी उगवेल; त्याऐवजी संकट टळल्याचा दिलासा आला. या आवृत्तीने गोजिराला ‘गॉडझिला’ या नावाने जगभर नेले हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. पण कापलेला माल पाहून मूळ कारागिराला हसणे न्यायाचे नाही. अमेरिकी चित्रपटगृहांत मूळ आवृत्तीचे रीतसर प्रदर्शन व्हायला २००४ साल उजाडले.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. जपान इथे केवळ बळी म्हणून दिसतो. आशियात त्याच्या सैन्याने काय केले, यावर चित्रपट गप्प आहे. शिवाय त्सुबुराया यांनीच १९४२ साली पर्ल हार्बरचा हल्ला छोट्या प्रतिकृतींतून उभा करणाऱ्या प्रचारपटाचे काम केले होते. ही चुप्पी खरी आहे, आणि तिचे समर्थन करण्याची गरज नाही. पण राक्षसाला मारणारे अस्त्र ज्याच्याकडे आहे, तो सेरिझावा जपानी शास्त्रज्ञ आहे, युद्धात एक डोळा गमावलेला. आपला शोध सत्ताधाऱ्यांच्या हाती पडेल या भीतीने तो कागद जाळतो आणि राक्षसाबरोबर समुद्रतळाशी स्वतःही मरतो. परक्याच्या बॉम्बकडे बोट दाखवणारा चित्रपट शेवटी आपल्या माणसाच्या हातातल्या अस्त्रालाही घाबरतो. निव्वळ बळीपणाच्या कहाणीत हे बसत नाही.

पुढे हाच गोजिरा मुलांचा लाडका झाला, १९७१ मध्ये तर तो उडलाही. त्या चित्रपटांना खुशाल हसावे. पहिल्यासाठी मात्र मुंबई-पुण्याच्या फिल्म सोसायट्यांनी एक संध्याकाळ राखावी आणि दोन्ही आवृत्त्या लागोपाठ दाखवाव्यात: आधी ८० मिनिटांची, मग ९६ मिनिटांची.