दयेचा अर्ज नको, हेतूचे पत्र हवे!

परदेशी विद्यापीठात शिकायला जाण्याची उमेद बाळगणारी आमची मुले-मुली आज वस्तीवस्तीत आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. गुण आहेत, जिद्द आहे, जातीचा दाखला आहे, उत्पन्नाचा दाखला आहे. पण एका कागदापाशी येऊन ही मुले अडतात. अमेरिकेत त्या कागदाला ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ म्हणतात, युरोपात ‘मोटिव्हेशन लेटर’ म्हणतात, नोकरीच्या अर्जाला तो जोडला तर ‘कव्हर लेटर’ होतो. नाव कोणतेही असो, त्यात विचारलेले एकच असते. तुम्ही आजवर काय केले, तुम्हाला हेच का शिकायचे आहे आणि शिकून काय करणार आहात?

हा कागद किरकोळ आहे असे कोणी समजू नये. केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप 1954-55 पासून चालू आहे. तिच्या 125 जागांपैकी 115 जागा अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. या दोन्ही योजनांत आधी नामांकित परदेशी विद्यापीठाचा प्रवेश हातात लागतो, पैसा नंतर. आणि प्रवेश देणारे विद्यापीठ गुणपत्रिकेबरोबर हे पत्र वाचते. म्हणजे शिष्यवृत्तीच्या दाराआधी एक दार आहे आणि त्याची किल्ली हे एक-दोन पानांचे पत्र आहे. या दारावर आरक्षण नाही.

मग हे दार कोणाला सहज उघडते? ज्याचा मामा अमेरिकेत आहे, ज्याची बहीण आधीच तिथे शिकून आली, ज्याच्या बापाला हजारो रुपये घेणारा सल्लागार परवडतो, त्याला. त्याचे पत्र चार जणांच्या नजरेखालून जाते. आमची पोर मात्र रात्री अकरा वाजता मोबाईलवर एकटीच लिहीत बसते. हा बुद्धीचा फरक नाही, शेजारी बसून वाचणाऱ्या माणसाचा फरक आहे. ब्रिटनमध्येही हे मान्य झाले आहे. तिथल्या पदवी प्रवेशाचा कारभार पाहणाऱ्या ‘यूकास’ या संस्थेने 2026 च्या प्रवेशापासून एका लांबलचक निबंधाऐवजी तीन सरळ प्रश्न विचारायला सुरुवात केली. ज्या मुलांना घरून-शाळेतून मार्गदर्शन मिळत नाही त्यांची अडचण कमी व्हावी, हा त्यामागचा एक हेतू होता.

आम्ही गेल्या काही वर्षांत आमच्या विहारात अशी पुष्कळ पत्रे वाचली. त्यांचे सरळ दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार तहसीलदाराला लिहिलेल्या अर्जाचा. ‘मी अत्यंत गरीब कुटुंबातील असून माझ्यावर कृपा करून मला प्रवेश द्यावा, ही नम्र विनंती.’ यात मुलांचा दोष नाही. पिढ्यानपिढ्या आम्हाला साहेबापुढे असेच लिहायला लावले गेले. रेशनकार्डासाठी, घरकुलासाठी, दाखल्यासाठी आमच्या बापाने हीच भाषा वापरली. पण प्राध्यापकाच्या हातात कृपा नसते. त्याला विद्यार्थी हवा असतो. तो विचारतो, हा माझ्या वर्गात काय आणणार? त्याचे उत्तर विनंतीत नसते.

दुसरा प्रकार उसन्या पत्राचा. ‘लहानपणापासूनच मला या विषयाची अपार आवड होती, आपले जगप्रसिद्ध विद्यापीठ हे माझे स्वप्न आहे.’ पूर्वी हे कोणाच्या तरी पत्रावरून उतरवून घेत, आता संगणकाला सांगितले की क्षणात पान तयार. इंग्रजी गुळगुळीत, चूक एकही नाही, आणि माणूसही नाही. असे पत्र नागपूरच्या मुलाचे आहे की नैरोबीच्या, हे कळत नाही. वाचणाऱ्याने अशी शेकडो पत्रे त्याच आठवड्यात वाचलेली असतात.

एक उदाहरण सांगतो. मराठवाड्यातील एक मुलगी, आई-वडील ऊसतोड कामगार. तिला कामगारांच्या प्रश्नावर पुढचे शिक्षण घ्यायचे होते. तिच्या पहिल्या पत्रात गरिबी होती, अश्रू होते, आवड होती. आम्ही विचारले, “बाई, तू स्वतः काय केलेस?” ती म्हणाली, “दादा, विशेष काही नाही. टोळीतल्या अकरा कोयत्यांच्या उचलीची वही मी ठेवायचे.” बारावीत असल्यापासून ती कोणी किती उचल घेतली, किती टन ऊस तोडला, किती फिटले, हे लिहीत होती. दोनदा तिने मुकादमाच्या हिशेबातली चूक पकडली होती आणि पैसे परत मिळवून दिले होते. हे तिच्या पत्रात एका ओळीतही नव्हते! तिला वाटले, हे सांगण्यासारखे काय आहे?

दुसऱ्या वेळी तिने त्या वहीपासूनच सुरुवात केली. उचल हे कर्ज आहे की मजुरी, हिशेब कोणाच्या हातात असतो, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला की बाईची मजुरी कुठे दिसते, हे प्रश्न त्या वहीतून तिला पडले होते. त्यांची उत्तरे शोधायला कोणता अभ्यास लागतो तेही तिने लिहिले. गरिबी तीच होती. पण पहिल्या पत्रात ती हात पसरून उभी होती, दुसऱ्या पत्रात पुरावा घेऊन उभी राहिली. तिला प्रवेश मिळाला.

हा धडा आम्हाला नवा नाही. 1913 साली बडोद्याचे सयाजीराव महाराज तरुण भीमरावांना परदेशी शिक्षणासाठी पाठवणार होते. काय शिकणार आणि त्याचा उपयोग काय करणार, असे महाराजांनी विचारल्याचे चरित्रांतून सांगितले जाते. भीमरावांनी विषय सांगितले, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, सार्वजनिक वित्त. आणि उपयोगही सांगितला, की आपल्या समाजाची स्थिती सुधारण्याचा मार्ग त्यातून शोधायचा आहे. त्या उत्तरात याचना नव्हती. आजचे प्रत्येक विद्यापीठ हेच दोन प्रश्न विचारते. पुढे 1916 साली ते लंडनला निघाले तेव्हा कोलंबियाचे प्रा. सेलिग्मन यांनी तिथल्या प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले. शिफारस अशा गुरूची घ्यावी, ज्याने आपले काम पाहिले आहे. नुसत्या मोठ्या पदाच्या माणसाची सही काही सांगत नाही.

मुले नेहमी विचारतात, “जात लिहावी का?” आमचे मत असे की लाज वाटते म्हणून लपवू नये आणि सहानुभूती मिळेल म्हणून मिरवू नये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2023 मध्ये प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत रद्द केली. पण त्याच निकालात असेही म्हटले, की वंशामुळे आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थी निबंधात लिहू शकतो, मात्र त्यातून त्याचे धैर्य, त्याची कुवत दिसली पाहिजे. तो निकाल आम्हाला पटो न पटो, लिहिणाऱ्याला त्यात दिशा आहे. अपमान झाला एवढेच लिहून थांबू नका, त्यानंतर तुम्ही काय केलेत ते लिहा. आणि बाहेरच्या वाचकाला ‘नवबौद्ध’ म्हणजे काय हे ठाऊक नसते. 1956 च्या धम्मदीक्षेचा अर्थ एका वाक्यात समजावून सांगा.

विषय ठरवतानाच शिष्यवृत्तीचे नियमही वाचा. 2022 साली केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीच्या नियमात भारताची संस्कृती, इतिहास आणि भारतीय समाज यांवरचे संशोधनविषय वगळण्यात आले. 1916 साली बाबासाहेबांनी कोलंबियात भारतातील जातींवर निबंध वाचला. त्याच विषयासाठी त्यांच्या लेकरांना या शिष्यवृत्तीची वाट बंद करण्यात आली! या अन्यायाविरुद्ध बोलत राहिलेच पाहिजे. पण अर्ज भरणाऱ्याने ही अट आधी माहीत करून घ्यावी, नाहीतर वर्ष वाया जाते.

लिहिताना पहिला खर्डा मराठीत करा. मनातले मराठीत येते, इंग्रजी नंतर करता येते. शब्दमर्यादा पाळा. तो अभ्यासक्रम तिथेच का, हे त्यांचे विषय आणि प्राध्यापकांचे काम वाचून लिहा, कौतुक करू नका. गुण कमी पडले असतील किंवा मध्ये वर्ष गेले असेल तर कारण दोन ओळींत सांगा आणि पुढे चला. खोटे एक अक्षरही लिहू नका. पत्र दुसऱ्याच्या हातात द्या आणि विचारा, “यात मी दिसतो का?”

हे वाचणारे दुसरे हात कोठून येणार? हाच समाजापुढचा खरा प्रश्न आहे. जयंतीच्या मंडपावर, डीजेवर आपण किती खर्च करतो ते आम्ही सांगायला नको. परदेशी अर्जांची धांदल साधारण दिवाळीच्या सुमारास असते. त्या दिवसांत दर रविवारी दोन तास विहारात एक टेबल मांडा. परदेशात शिकून आलेल्यांनी, प्राध्यापकांनी, बँकेत-कचेरीत इंग्रजीत काम करणाऱ्यांनी तिथे बसावे. लेकरांची पत्रे वाचावीत, शब्द त्यांच्या तोंडात घालू नयेत, फक्त प्रश्न विचारावेत. याला देणगी लागत नाही, सरकारची मंजुरी लागत नाही. ज्यांना समाजाने शिकवले त्यांनी समाजाला एवढे परत द्यायला काय हरकत आहे?

वहीतला हिशेब आमच्या लेकरांकडे आहे. तो जगापुढे मांडायला त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे. जयभीम!