साहेबांचे घर आणि शिपायाची सीट

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, गेल्या महिन्यात कायमचे मंद्रूपला परतले. 1989 ते 2021 अशी बत्तीस वर्षे त्यांनी मुंबईत एका मोठ्या खासगी कंपनीच्या हेड ऑफिसात शिपाई म्हणून काढली. नातवंडांच्या शाळेपायी आणखी काही वर्षे कल्याणला थांबले आणि आता पेटी-वळकटीसह गावी आले. कंपनीचे नाव लिहू नका, असे त्यांनी बजावले आहे, म्हणून आम्ही ते लिहीत नाही.

संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना बोलणे हेड ऑफिसावर आले. 2008 साली त्यांच्या कंपनीने नरिमन पॉइंट सोडले आणि वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे लोक ज्याला बीकेसी म्हणतात तिथे, बिऱ्हाड हलवले. आम्ही सहज म्हणालो, "दाजी, तुमचं तर बरंच झालं की. कल्याणहून व्ही.टी.ला जाण्यापेक्षा कुर्ला जवळ."

दाजी हसले. "हापिस जवळ आलं भाऊ, पण सीट गेली."

आम्हाला आधी समजले नाही. त्यांनी उलगडून सांगितले. व्ही.टी., म्हणजे आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हे गाडी सुटण्याचे ठिकाण. संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटे आधी जाऊन उभे राहिले की बसायला मिळे. कल्याणपर्यंत सव्वा तास डोळा लागे. कुर्ल्याला मात्र गाडी भरूनच येते. तिथे चढायचे म्हणजे दाराच्या दांडीला हात पोहोचला तरी नशीब. अंतर पंधराएक किलोमीटरने घटले, पण रोजची झोप बुडाली. शिवाय कुर्ला स्टेशनपासून संकुलापर्यंतचा शेवटचा टप्पा. शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहा, नाहीतर गर्दीतून, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालत जा. पूर्वी व्ही.टी.वरून नरिमन पॉइंटला बेस्टच्या बसने जायचे, बस चुकली तर पायी. रस्ता सरळ, फूटपाथ रुंद, वाटेत वडापाव, केळी, चहा.

तेवढ्यात ताई आतून बोलली. जुन्या ऑफिसात कँटीन होते. थोड्या पैशांत दोन चपात्या, भाजी, आमटी मिळे. नवीन इमारतीत कँटीनच्या जागी 'फूड कोर्ट' आले आणि एका ताटाचा भाव ऐकून दाजी डबा नेऊ लागले. म्हणजे ताई पहाटे साडेचारला उठू लागली. कंपनी हलली नरिमन पॉइंटहून आणि स्टोव्ह अर्धा-पाऊण तास आधी पेटू लागला कल्याणच्या चाळीत! आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, जमाखर्चाची वही आमच्या रोजच्या हाताखालची. कंपनीच्या ताळेबंदात भाड्याची बचत लिहिली गेली असेल. ताईच्या झोपेचे खाते कोणत्या पानावर उघडले होते?

वाचक म्हणतील, मंद्रूपला बसून मुंबईच्या हेड ऑफिसांची पंचाईत कशाला? पण आपल्या दर पाच घरांतले एखादे माणूस मुंबई, पुणे, ठाण्याला शिपाई, सफाई कामगार, लिफ्टमन, वॉचमन किंवा कारकून असते. हेड ऑफिस हलले की आपल्या घरातले घड्याळ हलते. म्हणून हा विषय आपलाच.

नरिमन पॉइंट ही मूळची समुद्रातली जागा. भराव टाकून ती काढली आणि 1970च्या सुमारास तिथे टोलेजंग कचेऱ्या उभ्या राहिल्या. गंमत अशी, की ज्या खुर्शेद नरिमन यांचे नाव तिला मिळाले, ते इंग्रजांच्या काळात बॅकबे भरावाच्या कारभारातला घोटाळा उघड करणारे वकील! त्यांच्या नावाने पुढे त्याच भरावावर फुटाफुटाला सोन्याचा भाव आला. असो.

सगळी मुंबई दक्षिणेच्या टोकाला धावते, हे दुखणे जाणत्यांना तेव्हाच दिसले होते. 1965 साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. राज्य सरकारच्या कचेऱ्या तिकडे गेल्या की बाकीचे मागोमाग येतील, असा त्यांचा हिशेब होता. 1970 साली सिडको स्थापन झाली. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या 95 गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, पण मंत्रालय जागचे हलले नाही. उलट नरिमन पॉइंटला आणखी मजले चढत राहिले. याचा कळस म्हणजे, मुंबईची गर्दी खाडीपार न्यायला जन्मलेल्या सिडकोच्या कागदांवर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता वर्षानुवर्षे छापला गेला तो 'निर्मल' इमारत, नरिमन पॉइंट! सिडको भवन बेलापूरला बांधले हे खरे, पण पत्ता काही सुटला नाही.

आणि रेल्वे? मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला पहिली लोकल गेली 1992 साली. सिडकोच्या स्थापनेनंतर बावीस वर्षांनी. दरम्यान कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार वाशीला नेला होता. माथाडीने वाशीला जायचे ते कसे, हे त्याचे त्याने बघून घ्यावे.

वांद्रे-कुर्ला संकुलाची गोष्टही याच वळणाची. मिठी नदी आणि माहीमच्या खाडीकाठची दलदलीची जमीन, सुमारे 370 हेक्टर. 1977 साली तिचे नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिले गेले. भूखंड 80 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले जाऊ लागले. पुढे नाबार्ड, सेबी, राष्ट्रीय शेअर बाजार, बँक ऑफ इंडिया, आयसीआयसीआय अशी एकेक मोठी नावे तिथे आली. 2010 साली ऑपेरा हाउसचा हिऱ्यांचा बाजारही आला. संकुल शहराच्या मध्यावर, विमानतळ जवळ, उपनगरांतून येणे सोपे. हे सारे खरे आहे आणि ते आम्ही नाकारत नाही. सगळ्यांनी दक्षिणेच्या टोकालाच जावे, असे कोण म्हणेल? पण संकुलाला मेट्रो मिळाली ऑक्टोबर 2024 मध्ये, आरेपासून. ती कफ परेडपर्यंत पूर्ण झाली ऑक्टोबर 2025 मध्ये. 1977 पासून मोजा, सत्तेचाळीस वर्षे! दाजी तोवर निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती. आणि कुर्ल्याहून येणाऱ्याला ही मेट्रो नाहीच, त्याची रिक्षाची रांग आहे तशीच आहे.

साहेबाला ही अडचण नसते. साहेब मोटारीत बसतो आणि मोटार तळघरात उतरते. जागा निवडताना कोणाचे अंतर मोजले जाते, याचा हिशेब अमेरिकेत एका गृहस्थाने करून ठेवला आहे. त्यांचे नाव विल्यम व्हाइट. न्यूयॉर्कमधल्या बड्या कंपन्या शहर सोडून उपनगरांत चालल्या होत्या. कारण सांगत, कर्मचाऱ्यांना चांगले जीवन मिळावे म्हणून. व्हाइटसाहेबांनी अशा 38 कंपन्यांची नवी जागा आणि त्यांच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचे राहते घर नकाशावर ताडून पाहिले. 38 पैकी 31 कंपन्या साहेबाच्या घराजवळ गेल्या होत्या! सरासरी अंतर रस्त्याने आठ मैल. 1988 साली 'सिटी' या पुस्तकात त्यांनी हे छापले. पुढे त्यांनी शहर सोडलेल्या आणि शहरात राहिलेल्या कंपन्यांच्या शेअरचे भावही तपासले. राहिलेल्यांचे मोल सोडून गेलेल्यांच्या दुपटीहून अधिक वाढले होते. म्हणजे साहेबाचा प्रवास वाचला, भागधारकाचे मात्र काही वाचले नाही. आपल्याकडे असा हिशेब कोणी मांडल्याचे आमच्या वाचनात नाही. कामगार चळवळीतल्या एखाद्या तरुणाने हातात घ्यावा असा हा विषय आहे. फार काही लागत नाही. नकाशा, फूटपट्टी आणि थोडा चावटपणा पुरे.

याउलट एक उदाहरण आमच्या नेहमी मनात येते. 1946 साली बाबासाहेबांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. पुढे महाविद्यालय फोर्टात आनंद भवन आणि बुद्ध भवन या इमारतींत आले. वर्ग सुटला की मुलगा चालत कचेरी गाठू शकत असे. तिथे प्राचार्यांचे घर किती मैलांवर, हे मोजलेले नव्हते. मोजले होते ते कारकुनी करत शिकणाऱ्या पोराचे घड्याळ.

एअर इंडियाची कथा तर अलीकडचीच. नरिमन पॉइंटची तेवीस मजली इमारत 1974 साली उभी राहिली. 12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांत तिलाही तडाखा बसला, तरी ती टिकली. 2013 साली हेड ऑफिस दिल्लीला गेले. 27 जानेवारी 2022 रोजी कंपनी टाटांकडे गेली आणि 2023 मध्ये कारभार गुरुग्रामला हलला. इमारत सरकारी कंपनीकडेच राहिली होती, ती राज्य सरकारला 1,601 कोटी रुपयांना देण्यास 2024 मध्ये केंद्राने मान्यता दिली. 2012 च्या आगीनंतर मंत्रालयातली खाती इकडेतिकडे विखुरली होती, त्यांच्यासाठी ही जागा. म्हणजे कंपन्या नरिमन पॉइंट सोडून चालल्या आणि ज्या सरकारने आधी जायला हवे होते, ते तिथेच आणखी जागा घेत आहे! आपल्या लोकांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. सरकारी कंपनीच्या भरतीला आरक्षणाची बिंदुनामावली असते. खासगी झाली की ती गेली. पाटी कुठे लागली, याइतकेच पाटीमागे कोण बसले, हेही पाहावे लागते.

सोलापूरकरांना हे नवे नाही. 1877 साली निघालेली जुनी मिल आपल्या आजे-पणज्यांच्या घामावर चालली, पण तिचा कारभार मुंबईच्या मॅनेजिंग एजंटांच्या पेढीतून चाले. ऑगस्ट 1949 मध्ये मिल बंद पडली आणि हजारो घरांतल्या चुली थंडावल्या. जानेवारी 1950 मध्ये सरकारने वटहुकूम काढून ती ताब्यात घेतली आणि त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भोंगा सोलापुरात, सही मुंबईत. सही करणाऱ्याला भोंगा ऐकू येत नसतो.

कचेरी हलते तेव्हा कामगारांच्या हाती काहीच नसते, असे मात्र नाही. भत्ते, कामाची वेळ, चालत आलेल्या सवलती यांत कामगारांच्या तोट्याचा बदल करायचा तर मालकाला आधी नोटीस द्यावी लागते आणि 21 दिवस थांबावे लागते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही तरतूद होती आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती ठेवली आहे. कँटीन बंद करणे, कंपनीची बस काढून घेणे, वेळ अर्ध्या तासाने पुढेमागे करणे, या गोष्टी या कलमाच्या कक्षेत मांडता येतात. दाजींच्या ऑफिसात अशी नोटीस लागली होती का? दाजी म्हणाले, "नोटीस लागली होती. नव्या इमारतीत पान खाऊन थुंकू नये म्हणून."

आता आमच्या दारातली गोष्ट. दक्षिण सोलापूर तालुक्याची तहसील सोलापूर शहरात. मंद्रूपकराने सात-बारा, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांसाठी विजापूर रोडने पंचवीसेक किलोमीटर जायचे, साहेब मीटिंगला गेले म्हणून परत यायचे. पुढे मंद्रूपला अपर तहसील कार्यालय झाले आणि मोठी सोय झाली. आता तालुक्याच्या सगळ्याच कचेऱ्या मंद्रूपला आणा, असे एक निवेदन आमच्या मंडळींनी तयार केले आहे. मसुदा आम्हीच लिहिला, अक्षर बरे म्हणून. तो ओट्यावर दाजींना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवला.

दाजींनी ऐकून घेतले आणि विचारले, "वळसंग, कुंभारीची माणसं हितं कशी येणार?"

आम्ही गप्प. दक्षिण सोलापूर हा शहराला वेढून बसलेला तालुका. वळसंग, कुंभारी अक्कलकोट रस्त्यावर, बोरामणी हैदराबाद रस्त्यावर. तिकडच्या म्हातारीला मंद्रूपला यायचे तर आधी सोलापूर स्टँडला उतरा आणि मग विजापूर रोडची गाडी पकडा. दोन तिकिटे, दोन वेळची वाट बघणे. आम्ही मंद्रूपमध्ये बसून आमच्याच घराजवळ कचेरी ओढत होतो. न्यूयॉर्कच्या साहेबांना नावे ठेवून अर्धा तासही झाला नव्हता!

ताई हसत म्हणाली, "आता झाला का भाऊ पण साहेब?"

रात्री मसुदा पुन्हा काढला. मागणी मागे घेतली नाही, कारण मंद्रूप भागाचे हेलपाटे खरे आहेत. पण दोन कलमे वाढवली. पूर्वेकडच्या गावांची कामे सोलापुरातच चालू ठेवावीत आणि जी कचेरी मंद्रूपला येईल, तिच्या आधी वळसंग-मंद्रूप आणि बोरामणी-मंद्रूप अशी थेट एस.टी. सुरू व्हावी. गाडी आधी, पाटी नंतर. आमच्यातले दोघे-तिघे नाराज झाले, मागणी पातळ केली म्हणाले. त्यांच्याशी वाद अजून चालू आहे. येत्या रविवारी दाजींना घेऊन आम्ही वळसंगला जाणार आहोत. तिथल्या सह्या मिळाल्या तरच निवेदन पुढे द्यायचे, असे तूर्त ठरले आहे.