शेजाऱ्याचा फंड

दिवाळीच्या फराळात अलीकडे एका नव्या जिनसाची भर पडली आहे. चकली अर्धी तोंडात असतानाच आमचे मेहुणे विचारतात, "काय हो, म्हातारपणासाठी किती जमले?" आणि उत्तराची वाट न पाहता मोबाईलवरचा एक तक्ता पुढे धरतात. वय पन्नास, पगार साठ हजार. म्हणजे गाठीशी इतके असावयास हवे. ते नसले की चकली घशाखाली उतरत नाही. हा तक्ता आपल्यापुरता खोटा आहे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे; आणि सणाचा दिवस असला तरी मी ते जरा रागानेच मांडणार आहे.

मुळात ही पट्टी अमेरिकेतली. तेथल्या फिडेलिटी कंपनीने सांगितले की, तिशीला एका वर्षाचा पगार साठलेला असावा, चाळिशीला तिप्पट, पन्नाशीला सहापट आणि सदुसष्टाव्या वर्षी दहापट. सांगोत बापडे! पण तेथे १९३५ च्या कायद्याने आलेले सरकारी पेन्शन आहे, आणि ते मिळणार हे धरूनच हा हिशेब मांडलेला. पायाखालचे स्टूल तिकडेच ठेवून उंची मोजावयाची पट्टी तेवढी आपण उचलून आणली.

आता डोंबिवलीहून सकाळच्या लोकलने निघालेले दोघे घ्या. दोघेही पन्नाशीचे, दोघांचाही पगार साठ हजार. एक २००४ साली राज्य सरकारच्या कचेरीत लागलेला, दुसरा ठाण्याला वागळे इस्टेटीतल्या कारखान्यात. तक्त्यात दोघे एकाच घरात बसतात. पहिल्याची शिल्लक थोडी, म्हणून मेहुणे त्याला नापास करतील. पण तो १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागला. त्याला अखेरच्या मूळ पगाराच्या निम्मे पेन्शन, वर महागाईभत्ता. दुसऱ्याच्या पेन्शनचा हिशेब २०१४ पासून फार तर १५,००० रुपये पगारावर होतो. त्याला वर्षांनी गुणा, सत्तरने भागा. पस्तीस वर्षे राबला तरी ७,५०० च्या वर जात नाही. त्याला दरमहा तीस हजार हवे असतील, तर उरलेल्या साडेबावीस हजारांसाठी, शेकडा सात व्याज धरले तरी, ३८ लाखांहून अधिक मुद्दल पाहिजे. आणि त्या व्याजाला महागाईभत्ता नाही! वय तेच, पगार तोच, डबाही तोच. मग तुलना कशाची करता?

आणि मोहन्याच्या एन. आर. सी.च्या कामगाराला तर काटकसरीचे धडे कोणी देऊच नयेत. तो कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षे लोंबकळली. ज्यांना ऐन चाळिशीत घरी बसावे लागले, त्यांच्या पगाराच्या रकान्यात काय लिहावयाचे? घरातल्या बाईला तर हा तक्ता सरळ शून्य देतो. सारी शिल्लक तिच्या हातून पडलेली. पण पेन्शनर नवरा गेला की या कारखानी योजनेत तिच्या वाट्याला त्याच्या पेन्शनचे निम्मे.

मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी सात दिवस संपावर गेले. २०२४ मध्ये निम्म्या पगाराच्या हमीची योजना सरकारला मान्य करावी लागली. त्यांनी काही शेजाऱ्याचा फंड विचारला नव्हता. त्यांनी सरकारला विचारले. कारखान्यातल्या माणसाचे किमान पेन्शन २०१४ साली १,००० रुपये ठरले आणि पुढची दहा वर्षे तेवढेच राहिले. एवढ्यात कल्याणात दोघांचे महिन्याचे वाणसामानही येत नाही. पण त्याबद्दल आम्ही ब्र काढीत नाही. आम्ही एकमेकांची पासबुके पाहतो आणि ज्याची कमी भरली त्याला उधळ्या म्हणतो.

हे सारे मी मेहुण्यांना ऐकवले. ते शांतपणे म्हणाले, "आमचे सातपट झाले आहे." त्यात राहते घर धरले आहे का, असे विचारताच त्यांनी शेवेचा डबा पुढे ओढला.