खेळाडूची छबी आणि तिचा धनी

विद्यार्थ्यानें खेळाबद्दल पैसा घ्यावा कीं नाहीं, हा वाद आपल्याकडे जुना आहे. परंतु त्याचें एक नवें अंग आतां पुढें आलें आहे आणि तें अधिक निकडीचें आहे. संगणकावर व मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेममध्यें खऱ्या खेळाडूचें नांव, चेहरा, अंगकाठी व खेळण्याची ढब यांची हुबेहूब नक्कल उतरवून ती विकली जाते. ही नक्कल कॉलेजांतील विद्यार्थ्याची असेल, तर त्याला तिचा मोबदला मिळावा काय? मिळालाच पाहिजे, आणि त्याच्या संमतीवांचून ती उतरवितांच येऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न ऐरणीवर आला तो अमेरिकेंत. तेथें विद्यापीठांचे सामने हा कोट्यवधि डॉलरांचा व्यापार. पण खेळाडूनें मात्र 'हौशी' राहावें, शिष्यवृत्तीपलीकडे पैशाला शिवूं नये, असा एन. सी. ए. ए. या नियामक संस्थेचा दंडक होता. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाला १९९५ सालीं बास्केटबॉलचें अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या एड ओबॅनन यानें पुढें अनेक वर्षांनीं एका मित्राच्या घरीं गेममध्यें स्वतःलाच खेळतांना पाहिलें. नांव नव्हतें, पण क्रमांक तोच ३१, आणि हातहि डावाच. त्याला कोणीं विचारलें नव्हतें, दमडीहि दिली नव्हती. २००९ सालीं तो न्यायालयांत गेला. गेम करणाऱ्या ई. ए. कंपनीनें २०१३ नंतर कॉलेज-फुटबॉलचा गेम काढणें थांबविलें. २०१४ सालीं न्यायालयानें एन. सी. ए. ए. विरुद्ध निकाल दिला. २०२१ च्या जुलैपासून विद्यार्थी खेळाडूंना आपल्या नांवाचा व छबीचा मोबदला घेण्याची मोकळीक मिळाली. २०२४ सालीं फुटबॉलचा गेम पुन्हां निघाला, तेव्हां संमति देणाऱ्या प्रत्येकास ६०० डॉलर व गेमची एक प्रत देऊं केली गेली, आणि दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनीं संमति दिली. रक्कम तुटपुंजी होती हें खरें. पण तो वाद किंमतीचा झाला, हक्काचा उरला नाहीं.

रत्नागिरीच्या वाचकाला हें सारें सातासमुद्रांपलीकडचें वाटेल. परंतु नांवाला किंमत असते, ही गोष्ट रत्नागिरीकराला कोणीं शिकविण्याची गरज नाहीं. परप्रांतांतील आंबा 'रत्नागिरी हापूस' असें छापलेल्या पेटींत घालून मुंबई-पुण्याच्या बाजारांत खपविला जातो, तेव्हां आपल्या बागाईतदाराच्या अंगाचा तिळपापड होतो; आणि तो रास्तच आहे. २०१८ सालीं रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर येथील हापुसाला भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हां सर्वांनीं त्याचें स्वागत केलें. फळाच्या नांवावर तें पिकविणाऱ्याचा हक्क मान्य करावयाचा, आणि त्याच बागाईतदाराच्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलाचा स्वतःच्या चेहऱ्यावर हक्क नाहीं म्हणावयाचें, हा कोणता न्याय?

आपल्याकडे ही वेळ दूर नाहीं. प्रो कबड्डी २०१४ पासून, अल्टिमेट खो-खो २०२२ पासून, असे आपले मातींतले खेळ झगझगीत दिव्यांखालीं आले. २०२५ च्या जानेवारींत दिल्लीस खो-खोचा पहिला विश्वचषक झाला; पुरुषांचें व महिलांचें, दोन्ही अजिंक्यपदें भारतानें मिळविलीं, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोघेहि कर्णधार महाराष्ट्राचेच. या खेळांचे गेम उद्यां निघतील, आणि त्यांतील चपळाई कोंकणांतल्या मुलामुलींकडूनहि उचलली जाईल. सचिन तेंडुलकरांच्या नांवाचा गेम पुण्याच्या एका कंपनीनें २०१७ सालीं काढला, तो त्यांच्याशीं करार करून. परंतु सचिनचा करार करावयास वकील असतात. अठरा वर्षांच्या मुलाजवळ स्पर्धेचें प्रवेशपत्र व सही करण्याची घाई एवढेंच असतें. कायद्याचा आधारहि डळमळीत आहे. क्रिकेटपटूंचीं नांवें व चित्रें वापरणाऱ्या एका गेमविरुद्ध मनाई मागितली असतां, जी माहिती सर्वांस उपलब्ध आहे ती वापरण्यास आडकाठी नाहीं, असें म्हणून दिल्ली उच्च न्यायालयानें २०२३ च्या एप्रिलांत अंतरिम मनाई नाकारली. २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली, पण ई-स्पोर्ट्सला उत्तेजनच दिलें. म्हणजे बाजार राहणार आहे.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, विद्यार्थ्यानें व्यायाम व संस्कार म्हणून खेळावें; पैशाच्या स्पर्शानें खेळ विटाळतो. याच रत्नागिरींत जन्मलेल्या टिळकांनीं कॉलेजांतील पहिलें वर्ष पुस्तकांपेक्षां तालमीला दिलें, हा दाखला येथें हटकून काढला जातो. दाखला खरा, पण टिळकांच्या दंडबैठकांना कोणीं तिकीट लावलें नव्हतें, कीं त्यांच्या देहाची नक्कल करून कोणीं दुकान मांडलें नव्हतें. पैसा खेळांत शिरूं नये असें ज्यांस प्रामाणिकपणें वाटतें, त्यांनीं प्रथम दुकानदाराला अडवावें. दुकान चालूं द्यावयाचें आणि त्यागाचा उपदेश तेवढा मुलाला करावयाचा, हें सोंवळें फार सोयीचें आहे. त्याचें फळ खाशाबा जाधवांनीं भोगलें. १९५२ सालीं हेलसिंकीहून त्यांनीं स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलें. जाण्यासाठीं वर्गणी गोळा करावी लागली, आणि अर्जुन पुरस्कार लाभला तो मृत्यूनंतर.

दुसरा आक्षेप, शिष्यवृत्ति मिळते तेवढी पुरे. 'खेलो इंडिया' योजनेंत निवडलेल्या खेळाडूस प्रशिक्षणाशिवाय वर्षाला १ लाख २० हजार रुपये हातखर्चास देण्याची तरतूद झाली, ही स्तुत्य गोष्ट आहे. पण तो भत्ता जनतेच्या पैशांतून, खेळ सुधारावा म्हणून दिला जातो. त्याच्या मोबदल्यांत एखाद्या खासगी कंपनीस चेहरा फुकट कां मिळावा?

तिसरा आक्षेप मात्र विचारार्ह आहे: नांवें व धांवसंख्या हीं सर्वांचींच, त्यांवर मालकी सांगितल्यास वृत्तपत्रेंहि गप्प होतील. आम्ही वृत्तपत्राचें, चरित्राचें, टीकेचें, विनोदचित्राचेंहि स्वातंत्र्य मागतों. सामन्याचा वृत्तांत छापणारा खेळाडूविषयीं कांहीं सांगतो. गेमवाला मात्र खुद्द खेळाडूलाच पळवितो, आणि पळविण्याचा पैसा घेतो. जेथें छबी हाच विकाऊ माल आहे, तेथें परवानगी व वांटा हवाच. एकट्यादुकट्यास पैसा मिळून संघांत मत्सर वाढेल, ही भीति असेल तर अमेरिकेंतल्याप्रमाणें सर्वांस सारखी रक्कम द्यावी.

मुंबई विद्यापीठानें, राज्य सरकारनें व क्रीडा-संघटनांनीं चार नियम आजच करावे. छबीची संमति प्रवेशपत्रांत न दडवितां वेगळ्या कागदावर, मराठींत घ्यावी. नकार देणाऱ्यास संघांतून वगळूं नये. संमतीला मुदत असावी. आणि अठराच्या आंतील मुलाचा वांटा त्याच्याच नांवें बँकेंत राहावा. यांस खर्च कागदाचा तेवढा आहे. तोंवर आईबापांनीं, मुलगा सही करतो त्या कागदावर काय लिहिलें आहे, तें एकदां वाचून पाहावें. आंब्याची पेटी व्यापाऱ्याच्या हवालीं करण्यापूर्वी भाव विचारणारा बाप मुलाच्या चेहऱ्याविषयीं गप्प बसेल, असें आम्हांस वाटत नाहीं.